शेवटच्या पानावर वाढवायचं: कोल्हापूर, चंदगड, गोवा आणि तीन हात

जानेवारीत कॉलेजला जोडून तीन दिवस सुटी आली आणि मी ठरवलं, यंदा जायचंच. गोव्याला. समुद्रासाठी नाही, देवदर्शनासाठी नाही, तर पोकरच्या एका स्पर्धेसाठी. हे वाक्य मी घरात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं तेव्हा विलासनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, टीव्हीचा आवाज बंद केला.

"जुगार खेळायला रजा काढून कोण जातं?"

"रजा काढत नाहीये. सुटीच आहे."

"आणि हरलीस तर?"

"तर आठ हजार गेले. पेपर तपासणीचे पैसे आहेत, माझे. एकदाच भरायचे, संपले की उठायचं. दुसऱ्यांदा भरणार नाही."

मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला गणित शिकवते. वय सेहेचाळीस. चार वर्षांपूर्वी आमच्या स्टाफरूममधल्या पाच जणांनी शनिवारी संध्याकाळी पोकर खेळायला सुरुवात केली, पैशांऐवजी चिंचोके लावून. संभाव्यता शिकवणाऱ्या बाईला हा खेळ आवडला नसता तरच नवल. पण माझी एक खोड होती आणि सगळ्या टेबलाला ती ठाऊक होती: शेवटच्या फेरीत मी कधीच वाढवत नसे. समोरच्यानं लावलं की तेवढंच घालून, म्हणजे 'कॉल' करून, पानं बघायची, नाहीतर टाकायची. हातात कितीही भारी पान असो, 'रेज' हा शब्द घशातून बाहेर पडत नसे. माझं आडनाव बाजूला राहिलं आणि नाव पडलं 'कॉलवाल्या मॅडम'.

गणित कळत होतं, हात हलत नव्हता. ओळखीच्या माणसांत तो कधी हलणारही नव्हता, कारण त्यांना माझी गंमत वाटायची आणि मलाही तसंच बरं वाटायचं. म्हणून अनोळखी लोक, खरं दडपण आणि एकच दिवस. जिंकायचं की हरायचं ते पान ठरवेल. शेवटच्या फेरीत योग्य जागी वाढवायचं, एवढं मी ठरवलं.

शुक्रवार: कागलची अक्का आणि तिलारीचा उतार

विलासची अट एकच होती, एकटीनं जायचं नाही. तो स्वतः येणार नव्हता. मग कागलच्या अक्का आल्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. घरी सात म्हशी, डेअरीला दूध, वय साठीच्या जवळ. पोकर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण "चार दिस त्या म्हशींचं तोंड बगायचं न्हाय" एवढं कारण त्यांना पुरलं.

सकाळी साडेसहाला कोल्हापूर सोडलं. हायवेनं कागलला वीस-पंचवीस मिनिटं. अक्का दारात तयार उभ्या, हातात भाकरी-खर्ड्याचा डबा आणि दह्याचा गडू. गाडीत बसल्या बसल्या धाकट्या दिराला फोन करून कुठल्या म्हशीला किती पेंड, ते पुन्हा एकदा बजावलं आणि मग फोन पर्समध्ये टाकून म्हणाल्या, "हं. आता सोड."

गोव्याला जायला बहुतेक लोक आजरा-आंबोलीचा रस्ता धरतात. आम्ही जाताना गडहिंग्लज, नेसरी, चंदगड आणि तिलारी घाट असा धरला. गर्दी कमी, हिरवळ जास्त. गडहिंग्लजपर्यंत रस्ता चांगला, नेसरीच्या पुढं अधूनमधून खड्डे. चंदगडला एसटी स्टँडजवळ चहा आणि गरम कांदाभजी. दोघींचे ऐंशी रुपये. या दिवसांत काजूला मोहोर असतो. काचा खाली केल्या की गोडसर, थोडा उग्र वास गाडीत भरतो.

"आता सांग तुझा खेळ," अक्का म्हणाल्या.

मी सांगितलं. प्रत्येकाला दोन पानं, ती झाकलेली. मध्ये टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात. आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक. सातांतली उत्तम पाच ज्याची, तो हात, म्हणजे तो डाव, त्याचा. दर टप्प्याला टोकन लावायचं. समोरच्यानं लावलं की तीन वाटा: पानं टाकायची, तेवढंच घालायचं, किंवा त्याच्यावर वाढवायचं. शेवटच्या पानाला म्हणतात रिव्हर. त्यानंतर आणखी पान येणार नसतं. आता जे आहे ते आहे.

"आणि तू तितं अडतीस."

"हो."

"का?"

मी गाडी दुसऱ्या गिअरवर टाकली. "समोरच्याकडं माझ्यापेक्षा भारी असलं तर? म्हणून."

अक्का म्हणाल्या, "म्हशीच्या बाजारात बोली शेवटाला येती तवा मी दोनच गोष्टी बगती. म्होरचा चिकटलाय का? चिकटला असंल तर वाढवायचं, त्यो देतोय. न्हायतर म्होरचा डळमळलाय का? डळमळला असंल तरबी वाढवायचं, त्यो पळतोय. दोन्ही न्हाय, तर गप बसायचं. ह्यात भ्यायचं काय हाय?"

मी वहीत चार पानं भरून नेमकं हेच लिहिलं होतं, इंग्रजीत, आकृत्या काढून: वाढवल्यावर आपल्याहून हलका हात पैसे घालेल का? किंवा आपल्याहून भारी हात पळेल का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर नुसतं कॉल करा. मला ती चार पानं लिहायला एक उन्हाळा लागला होता.

तिलारी घाट अरुंद आहे, उतार तीव्र. उतरताना पहिला-दुसरा गिअर सोडायचा नाही आणि पावसाळ्यात शक्यतो टाळायचा. खाली दोडामार्ग, मग डिचोली, म्हापसा. थांबत थांबत साडेसहा तास लागले. पेट्रोल एका बाजूचं साधारण पंधराशे. किनाऱ्यापासून दोन किलोमीटर आत एका घरगुती गेस्टहाऊसमध्ये खोली मिळाली, दोन रात्रींचे साडेतीन हजार, स्वच्छ. शुक्रवार म्हणून अक्कांनी मासळीला हात लावला नाही. पाव आणि पातळ भाजी खाऊन दोघी दहाच्या आत झोपलो. म्हणजे अक्का झोपल्या. मी छताकडं बघत पानं मोजत होते.

शनिवार: बासष्ट जण

स्पर्धा किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती, दुपारी बारा वाजता. जाणार असाल तर लक्षात ठेवा: ओळखपत्र मूळ लागतं, फोटो चालत नाही. एसी इतका असतो की शाल हवीच. आणि आत जेवण महाग आहे, खाऊन जा.

बासष्ट खेळाडू होते. बायका तीन. पहिल्या नऊ जणांना बक्षीस. प्रत्येकाला सारखीच टोकनं. संपली की घरी. दर वीस मिनिटांनी सक्तीनं लावायची टोकनं वाढत जातात, त्यामुळं नुसतं गप बसून कोणी टिकत नाही. अक्कांना दोरीच्या पलीकडं प्रेक्षकांच्या खुर्चीत जागा मिळाली. त्यांनी पर्समधून शेंगदाणे काढले.

माझ्या उजव्या हाताला बेळगावचे देसाई म्हणून गृहस्थ होते, साठीचे, हार्डवेअरचं दुकान, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. समोर पुण्याचा एक तरुण, कानात हेडफोन, टोकनांची चळत सारखी उचलून पाडणारा.

पहिला तास मी सगळं टाकत गेले. मग मला दोन नव्व्या आल्या. टेबलावर उघडलं राजा, नव्वी, चौव्वी. तीन नव्व्या झाल्या. देसाईंनी लावलं, मी कॉल केलं. पुढचं पान दुर्री. पुन्हा तेच. रिव्हरला आला आणखी एक राजा. माझ्याकडं तीन नव्व्या आणि दोन राजे, फुल हाऊस! देसाईंनी मोठी चळत पुढं सरकवली.

आता वाढवायचं. हे मला कळत होतं. त्यांच्याकडं एक राजा असला, तर तीन राजे होतात, फुल हाऊसहून हलके, आणि तीन राजे घेऊन कुणी पळत नाही. पण मनात दुसरंच सुरू झालं. राजा-नव्वी असली तर? राजा-चौव्वी असली तर? चारही राजे असले तर? मला हरवणारे हात मी बोटांवर मोजत बसले आणि जिंकवणारे मोजलेच नाहीत. तोंडातून निघालं, "कॉल."

देसाईंनी राजा आणि राणी उघडली. तीन राजे. मी जिंकले. टोकनं माझ्याकडं आली.

त्यांनी माझ्या पानांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "म्याडम, एवढं असून थांबलात का की?"

"धीर झाला नाही."

"तुम्ही सगळं लावलं असतं तरी मी दिलं असतं. तीन राजे हो! टाकणार थोडाच?" ते हसले, पण त्यांची सुटलेली अर्धी चळत त्यांनी जवळ ओढली ती मला दिसली. ती माझी असायला हवी होती.

पहिल्या विश्रांतीत अक्कांपाशी गेले. त्यांना पानं कळत नव्हती, पण चेहरे कळत होते.

"जिंकलीस तर मग तोंड का असं?"

मी सांगितलं काय झालं ते.

"म्हणजे म्होरचा चिकटलेला."

"हो."

"आणि तू गप बसलीस." शेंगदाण्याची टरफलं त्यांनी कागदात बांधली. "एवढ्या लांब गप बसायला आलीयास व्हय? ते तर कोल्हापुरात फुकट हुतं की."

मला राग आला. त्यांचा नाही. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशासमोर, शेजारी एक बाई केस विंचरत असताना, मी मोठ्यानं म्हटलं, "रेज." बाईनं कंगवा थांबवला. मी पुन्हा म्हटलं.

दुसरा हात

साधारण चार वाजता, अठ्ठावीस जण उरलेले. मला चौकटचा राजा आणि चौकटचा गुलाम आला. टेबलावर चौकट राणी, चौकट तिर्री, किल्वर दश्शी. अजून एक चौकट आली तर पाच पानं एका रंगाची. हेडफोनवाल्यानं लावलं, मी कॉल केलं. चौथं पान इस्पिक दुर्री, काही झालं नाही. त्यानं पुन्हा लावलं, मी पुन्हा कॉल. रिव्हरला चौकट अठ्ठी.

झाला रंग. राजापासूनचा. याच्या वर एकच गोष्ट: त्याच्याकडं चौकटचाच एक्का आणि सोबत आणखी एक चौकट.

त्या मुलानं चळत पाडायची थांबवली आणि अर्ध्याहून जास्त टोकनं पुढं केली.

जुनं सगळं पुन्हा उठलं. एक्का असला तर? पण या वेळी मी उलटं मोजायचं ठरवलं. मला हरवणारे किती, ते नंतर. माझ्याहून हलके आणि तरी न पळणारे किती? लहान चौकटवाले. गुलाम-नव्वीवाले, त्यांची आत्ताच अठ्ठीपासून राणीपर्यंत ओळ लागली असणार. हे सगळे आपापल्या पानावर खूश असतील. एक्केवाल्यापेक्षा ते कितीतरी जास्त.

"रेज," मी म्हटलं. आवाज चिरका आला. पानं वाटणाऱ्या डीलर बाईंनी विचारलं, "किती मॅडम?"

"सगळं."

मुलानं हेडफोन काढला. एकदा पानं बघितली, एकदा मला बघितलं आणि म्हणाला, "कॉल." त्याच्याकडं गुलाम-नव्वी होती. मी राजा-गुलाम उघडल्यावर त्यानं खुर्ची मागं ढकलली. "काकू, तुम्ही दिवसभर एकदाही रेज केलं नाही! मला कळायला हवं होतं."

देसाईंनी टेबलावर बोटानं टकटक केली. "आता बरोबर."

दोरीपलीकडं अक्कांनी विचारलं, "चिकटलेला?" मी मान हलवली. त्यांनी पदर सावरला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "आमची हाय ती. जाऊ."

दहा जण, नऊ बक्षिसं

सहा वाजून गेले. दहा जण उरले होते आणि नऊ बक्षिसं, म्हणजे आणखी एक जण रिकाम्या हातानं जाणार. सगळे जपून खेळत होते. सक्तीची टोकनं वाढून वाढून माझी चळत आटली होती. अशीच बसले असते तर तासाभरात मीच ती दहावी झाले असते.

मला इस्पिक एक्का आणि बदाम नव्वी आली. टेबलावर इस्पिक गुलाम, इस्पिक अठ्ठी, चौकट दश्शी. अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम. सत्ती किंवा राणी आली की ओळ पूर्ण. देसाईंनी लावलं, मी कॉल केलं. पुढं आली किल्वर तिर्री. त्यांनी लावलं, मी कॉल केलं. रिव्हरला आली इस्पिक दुर्री.

ओळ लागली नाही. जोडीसुद्धा नाही. माझ्याकडं नुसता एक्का. पण टेबलावर तीन इस्पिक होते आणि इस्पिकचा एक्का माझ्या हातात होता. म्हणजे सगळ्यात मोठा रंग देसाईंकडं असूच शकत नव्हता. आणि माझ्याकडं तो आहे की नाही, हे फक्त मला ठाऊक होतं.

देसाईंनी लावलं, पण या वेळी चळत छोटी. मी कॉल करून हरले असते, नक्की. टाकलं असतं तर आणखी थोडी आटले असते. उरला दुसरा प्रश्न: भारी हात पळेल का? देसाई शहाणे होते. दुकानदार माणूस, सहा तास बसून बक्षिसाच्या उंबरठ्यावर आलेला. दिवसभरात मी एकदाच वाढवलं होतं आणि तेव्हा खरंच पान दाखवलं होतं, त्यांच्या डोळ्यांसमोर.

म्होरचा डळमळलाय, असं मला वाटलं. खात्री नव्हती. चुकले असते तर तिथंच संपलं असतं, आणि मग विलासला, स्टाफरूमला, स्वतःला काय सांगायचं तेही क्षणभर डोक्यात येऊन गेलं. मी टोकनं दोन्ही हातांनी पुढं सरकवली.

"सगळं."

देसाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांच्या उरलेल्या टोकनांपैकी बहुतेक सगळी त्यांना घालावी लागली असती. दोन मिनिटं गेली असतील. मी टेबलाच्या कडेला असलेल्या शिवणीकडं बघत राहिले. टाके मोजले. चौतीस झाले तेव्हा त्यांचा आवाज आला.

"होता काय एक्का?"

मी पस्तिसावा टाका शोधला.

"तीन अठ्ठ्या टाकतोय हो," म्हणत त्यांनी आपली दोन पानं उघडी करून डीलरकडं सरकवली. खरंच दोन अठ्ठ्या होत्या. टेबलावर तिसरी.

टोकनं माझ्यापुढं आली. मी ती एकेक करून रचली.

पुढं फार काही नाही. थोड्या वेळानं दुसऱ्याच टेबलावरचा एक जण दहावा गेला. मग मी आठवी गेले, अगदी सरळ: माझ्या दोन राण्या, एका दिल्लीवाल्याचे दोन राजे. त्यात कुणाचंच काही चुकलं नाही. आठव्याचं बक्षीस प्रवेश फी आणि सगळा प्रवासखर्च भागवण्याएवढं होतं.

देसाई माझ्या आधीच, नववे गेले होते. बाहेर व्हरांड्यात चहा घेत होते. मी त्यांच्यापाशी गेले. खेळात पानं सांगायची सक्ती नसते, पण त्या माणसानं दुपारी मला खरं सांगितलं होतं.

"देसाईसाहेब, एक्का होता. बाकी काहीच नव्हतं."

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता भडकतील.

"दुसऱ्या कुणी लावलं असतं तर मी दिलं असतं," ते म्हणाले. "तुम्ही लावलंत म्हणून टाकलं. फुल हाऊस असून न वाढवणारी बाई वाढवत्येय म्हणजे असणारच, म्हटलं." मग हसले. "पुढच्या खेपेला टाकणार न्हाई बरं का. ओळख झाली आता तुमची."

अक्का म्हणाल्या, "साहेब, च्या आमच्याकडनं," आणि त्यांच्या चहाचे पैसे देऊन टाकले. शनिवार होता, रात्री त्यांनी सुरमईची थाळी मागवली आणि काट्यासकट न्याय दिला.

रविवार आणि नंतर

परतताना सावंतवाडी, आंबोली, आजरा. हा रस्ता रुंद आहे, पण रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. सकाळी सातला निघा. आंबोलीत भाजलेलं कणीस तीस रुपये. कागलला अक्कांना सोडलं तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. गोठ्यातून हंबरण्याचा आवाज आला आणि त्या पिशवी टाकून आधी तिकडंच गेल्या.

आता दोन आठवडे झाले. जो तो मला शेवटच्या हाताबद्दलच विचारतो. विलासनं तर शेजाऱ्यांना तो दोनदा सांगितला, आणि दर वेळी देसाईंच्या हातात आणखी भारी पान येतं. कौतुक होतं तेव्हा बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण परवा रात्रीचं जेवण झाल्यावर मी तिन्ही हात कागदावर मांडले, टोकनांच्या आकड्यांसकट, जसं मुलांना गणित सोडवून दाखवते तसं. पहिल्या हातात वाढवलं असतं तर देसाई तिथंच जवळजवळ संपले असते आणि माझ्यापुढं दुप्पट टोकनं आली असती. मग संध्याकाळी माझी चळत आटली नसती. रिकाम्या हातानं सगळं पुढं ढकलायची पाळीच आली नसती. ज्या धाडसाचं एवढं कौतुक होतंय ते मला करावं लागलं, कारण त्याच दुपारी एक साधं, सोपं, माझ्या हक्काचं काम मी केलं नव्हतं. आणि ते धाडस चाललं तेही त्याच भित्रेपणाच्या जोरावर. लोकांना तो ठाऊक होता म्हणून.

तो जोर आता खर्च झाला. यापुढं मी वाढवीन तेव्हा समोरचा थांबून बघेल, तपासेल, पैसे घालेल. तसंच हवं. मला त्या थरारक हाताची पुन्हा गरज पडू नये असं वाटतं. हातात तीन नव्व्या आणि दोन राजे असतील, समोरचा चिकटलेला असेल, तेव्हा न घाबरता, न चिरकता, भाजीवाल्याला अर्धा किलो म्हणावं तितक्या साध्या आवाजात मला म्हणायचंय, "रेज."